झोपाळ्यावरची जागा

"वजन उतरवायची दोन ऑपरेशनं आहेत. स्लीव्ह म्हणजे जठराचा मोठा भाग कापून केळ्याएवढी नळी ठेवायची," डॉक्टर व्होरा कागदावर पोट काढत म्हणाल्या. "बायपासमध्ये वर छोटीशी पिशवी करून आतडं थेट तिला जोडायचं. भानुबेन, तुम्हाला मधुमेह आहे, मी बायपास सुचवेन. पण मग गोड खाल्लं की छाती धडधडेल, घेरी येईल."

"म्हणजे मोहनथाळ?"

"लांबून बघा."

"बघूनच तर फुगते ही," नवनीतभाई म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "डॉक्टर, शेवटी रुंदीला किती राहील?"

"वर्षभरात बरीच उतरेल."

भानुबेन लाजल्या. रुंदीचं का विचारलं, ते त्यांना कळलं होतं.

लग्न झालं तेव्हा रोज संध्याकाळी दोघं झोपाळ्यावर बसत. झोका द्यायला एक पाय नवनीतभाईंचा, एक भानुबेनचा. मग भानुबेनचं अंग सुटत गेलं आणि नवनीतभाई खुर्चीत गेले. "अहो, या ना," म्हटलं की म्हणायचे, "या म्हणतेस, पण जागा कुठे ठेवलीस?" समोरच्या रश्मीबेन मात्र अजून नवऱ्याशेजारी बसून झोके घेत. भानुबेन वाटाणे सोलता सोलता बघत राहायच्या.

डॉक्टरांना त्यांनी मधुमेह सांगितला. झोपाळ्याचं कसं सांगणार?

ऑपरेशन झालं. आधी डाळीचं पाणी, मग वाटीच्या तळाला खिचडी. दसऱ्याला फाफडा-जलेबी आली तेव्हा त्या गॅलरीत जाऊन उभ्या राहिल्या. ब्लाउज उसवून आत घेतले, पुन्हा घेतले. एका दुपारी नवनीतभाई झोपाळ्याच्या पाटाला टेप लावताना दिसले. भानुबेन पावलं न वाजवता मागे फिरल्या. म्हणजे हेही जागाच मोजत होते.

पुढच्या दिवाळीला त्या लेकीकडून परतल्या, तर नवनीतभाई दारातच उभे.

"डोळे मीट, भानू."

त्यांनी हात धरला. कितीतरी वर्षांनी. आत नेऊन भानुबेनना बसवलं. खाली पाट हलला. डोळे मिटलेलेच ठेवून भानुबेन हसल्या आणि यांच्यासाठी जागा करायला डावीकडे सरकल्या.

कोपर कडीवर आपटलं. त्यांनी डोळे उघडले. नवाकोरा, लाखकामाचा संखेड्याचा झोपाळा, लाल-सोनेरी.

"खास तुझ्या मापाचा करवून घेतला," नवनीतभाई कौतुकाने म्हणाले. "जुना रश्मीबेनच्या सुनेला दिला. त्यावर दोघं मावतात." आणि पेपर घेऊन ते आपल्या खुर्चीत जाऊन बसले.