बाजूच्या खाटेवरची देवका

पाळण्याची कडी करकरली आणि दुपारची शांतता मोडली. कमलानं पायाच्या अंगठ्यात अडकवलेली दोरी ओढली. वहीत प्रोग्राम लिहिणारा हात थांबला नाही. बाळ पुन्हा निजलं. आणखी अर्धा तास पदरात पडला.

सत्त्याऐंशीत दवाखान्यात कॉम्प्युटर आला, तेव्हापासून जुनी रजिस्टरं त्यात भरायचं काम तिच्याकडं होतं. रोग्याचं नाव, बापाचं नाहीतर नवऱ्याचं, गाव, सगळं एका ओळीत सलग. नागपूरच्या क्लासात शिकलेल्या कोबॉल या कॉम्प्युटरच्या भाषेत अशी ओळ फोडायची म्हणजे एकेका अक्षराची घरं मोजत बसा. बेसिक या दुसऱ्या भाषेचं बरं होतं. मिड-डॉलर लिहिलं की ओळीतला हवा तो तुकडा कापून हाती येई. आणि तोच तुकडा हजार ओळींत कुठं दडलाय, तेही यंत्राला विचारता येई.

तिचा नवरा लक्ष्मणराव डोकावला. "सुट्टीच्या दिवशीही कोनाले शोधून राह्यली वं?"

"देवकाबाई म्हणून होती. लग्नाआधी मले टायफॉईड झालता नं, अठ्ठ्याहत्तरमधी? तवा बाजूच्या खाटेवर होती. बाळंतीण. लय केलं तिनं माह्यासाठी. एकडाव तिच्या पाया पडाचं आहे."

"टायफॉईडवालीच्या बाजूले बाळंतीण?"

"खाटा कमी होत्या तवा."

"बिचारा डाक्टर! हिची गोळी तिले, तिचा काढा हिले," तो हसला. तीही हसली, जरा उशिरानं.

'देवका' आणि तिच्या नवऱ्याचं 'रूपराव', हे दोन्ही तुकडे ज्या ओळीत असतील ती ओळ तिनं मागितली होती. आठवडाभरात दवाखान्यात तीनदा प्रोग्राम चालवला. यंत्रानं तीनदा शून्य दाखवलं.

तिच्या सासूबाई आनंदाबाई बाजूलाच वाती वळत बसल्या होत्या. "पहिलटकरीण होती का ते?"

"हो, आई."

"मंग माहेरून आली असन. बाप घेऊन येते, बाप आपलंच नाव सांगते. तुह्या मशीनले लेकीबाईचं काई समजत नाई."

कमला चमकली. दुसऱ्याच दिवशी तिनं प्रोग्राममधून नवऱ्याला काढून टाकलं. एकच ओळ आली: देवका अण्णाजी, बोरगाव मेघे. आजूबाजूला कोणी नाही पाहून तिनं पडद्याला हात जोडले.

दिवाळीत लेकी माहेरी येतातच. भाऊबीजेला पिशवीत लुगडं-नारळ घालून, बाळाला कडेवर घेऊन ती बोरगावला पोचली. आज ते पाय धरायचेच. दार नऊएक वर्षांच्या मुलीनं उघडलं.

"देवकाबाई आहे का, बाई?"

"माय विहिरीवर गेली. येतेच आता. बसा नं, मावशी."

मुलगी पाणी आणायला वळली. तिच्या उजव्या कानामागं चिंचोक्याएवढा तांबडा डाग होता. देवकाचं पोटचं गेलं त्या पहाटे, तिच्या रिकाम्या ओटीत आपलं बाळ घालण्याआधी, कमलानं त्याच डागावर शेवटचे ओठ टेकले होते.

मुलीनं तांब्या पुढ्यात ठेवला आणि कडेवरच्या बाळाचा गाल हळूच ओढला.

"आज भाऊबीज, अन् याच्या कपायावर कुंकू नाई!" ती म्हणाली. "मावशी, याले बहीण नाई का?"