रात्री घालायचं कडं

"तीन रात्रींत एकदाही लिंगाला ताठरता आली नाही," दवाखान्यातलं निदानयंत्र म्हणालं. झोपेत ती येते का, हे टिपणारं मऊ कडं त्यानंच दिलं होतं. विरुपाक्षनं मान खाली घातली. त्याची बायको शैला मात्र विचारात पडली.

"कडं कधी घातलं होतं तुम्ही?"

"रात्री. यंत्रानं सांगितलं तसं."

"अहो, रात्री तुम्ही कारखान्यात मागावर उभे असता."

यंत्राला रात्र म्हणजे झोप एवढंच ठाऊक होतं. मग त्यानं दिवसा कडं घालून झोपायला सांगितलं. पुढच्या आठवड्यात नोंद ठणठणीत निघाली.

"शरीर ठीक आहे," यंत्र म्हणालं. "तुम्ही दोघं एकाच वेळी जागे कधी असता?"

शैलाची नोकरी दिवसाची. तिनं नवऱ्याकडे पाहिलं.

"आत्ता," ती म्हणाली. "इथं."