पाणमांजराची पाठ

"त्यांचं वाक्य संपलं की मगच बोला, मिस व्हर्ना," काचेपलीकडून तमारा म्हणाली. "ते मधेमधे थांबतात, तेव्हा."

"आयुष्यभर तेच करत आलेय," व्हर्ना म्हणाली. "तो बोलणार, मी थांबणार."

तमाराला हसू आलं. आवाजाची सगळी बटणं तिच्या हाताखाली होती आणि व्हर्नाच्या जिभेला मात्र बटण नव्हतं, हे तिला एव्हाना कळलं होतं.

व्हर्नानं शेजारच्या खुर्चीवर पर्स ठेवली, पर्सवर घरून आणलेलं अंड्याचं सँडविच ठेवलं आणि हेडफोन चढवले. पडद्यावर नदी वाहू लागली. पन्नास वर्षांपूर्वीची, हातानं रंगवलेली नदी. पाणमांजराच्या पिल्लाचा तो जुना चित्रपट आता डीव्हीडीवर येणार होता, आणि त्यासोबत जादा म्हणून, चित्र चालू असताना त्यावर दोघा भावंडांचं बोलणं. पिल्लाला कागदावर पळतं केलं होतं लेलँडनं, रंगवलं होतं व्हर्नानं.

पण व्हर्ना गप्पा मारायला आलीच नव्हती. ती एक वाक्य बोलायला आली होती.

शेवटच्या दृश्यात पिल्लू नदीकाठी आईची वाट बघत बसतं, आपल्याकडे पाठ करून. त्या पाठीनं अख्ख्या अमेरिकेला रडवलं होतं. लेलँडला बक्षीस मिळालं ते त्या पाठीसाठी. आणि ती पाठ काढली होती व्हर्नानं. त्या आठवड्यात लेलँड तापानं फणफणला होता, आणि ती त्याच्या उशाशी बसून कागदामागून कागद काढत होती. रंगवणाऱ्या पोरींनी पेन्सिलीला हात लावायचा नाही असा स्टुडिओचा नियम, म्हणून कोपऱ्यात सही पडली लेलँडची.

बक्षीस घेताना त्यानं सगळ्यांचे आभार मानले. स्टुडिओच्या फाटकावरच्या कुत्र्याचेसुद्धा. बहिणीचं नाव नाही. नाव घेतलं असतं तर तिची नोकरी गेली असती, असं म्हणे त्यानं आईला सांगितलं. व्हर्नाला ते कारण कधी पटलं नाही. त्या दिवसापासून तिनं अबोला धरला तो धरलाच. त्याचा फोन उचलायचा नाही, नाताळचं कार्ड उघडायचं नाही.

"आता हा निळा बघा," लेलँड तिच्या कानात बोलू लागला. तोच घोगरा, मजेत असलेला आवाज. "हा निळा मी मागितला नव्हता."

"तू मागितलेला दिला असता तर पिल्लू दौतीत बुडाल्यासारखं दिसलं असतं," व्हर्ना म्हणाली.

लेलँड खुदकन हसला. "असो. रंगवणाऱ्या बायकांपुढे कोणाचं चाललंय? त्यांच्या इमारतीत आम्हां पुरुषांना पाऊल टाकायची बंदी होती. तरी मी रोज दुपारी खिडकीखाली जाऊन उभा राहायचो."

"माझं सँडविच खायला. चित्रकलेसाठी नव्हे."

"काय करणार, भूक लागायची," लेलँड म्हणाला.

काचेपलीकडे तमारानं मान खाली घातली. व्हर्नाला वाटलं, ही हसतेय.

तिला स्वतःलाही हसू येत होतं, आणि त्याचाच राग येत होता. मेल्यात काही फरकच पडला नव्हता. पिल्लू नदीतल्या दगडगोट्यांवरून घसरलं तेव्हा तो म्हणाला, "हे घसरणं मी कोणावरून काढलं ते सांगत नाही."

"सांग की. चर्चच्या पायऱ्यांवरून मी पडले होते, आणि तू उचलायचं सोडून वही काढलीस."

"आधी वही, मग माणूस," लेलँड म्हणाला. "वाईट सवय."

मग नदी काळवंडली. पिल्लू काठावर येऊन बसलं. पाठ करून.

व्हर्ना माइकजवळ सरकली. आता तो बोलणार. आता म्हणणार, ही पाठ मला कशी सुचली बघा. ती थांबली. लेलँड गप्प होता. पिल्लानं मान किंचित वळवली, पाण्याकडे पाहिलं. लेलँड गप्पच.

"ही मी काढली," व्हर्ना म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्याहून बारीक निघाला. "ही पाठ माझी आहे. त्या वर्षी आमची आई आजारी होती. ती गेली तर आपण कसे बसू, ते मी काढलं."

लेलँडनं तिचं बोलणं तोडलं नाही. पडदा अंधारला, नावं सरकायला लागली, त्यात तिचं नव्हतं. तेव्हा कुठे तो खाकरला.

"झालं," तो म्हणाला. "ह्याहून चांगलं कोणालाच जमलं नसतं."

व्हर्नानं हेडफोन काढून टेबलावर टाकले. शेवटपर्यंत कबूल केलं नाही. शेवटपर्यंत स्वतःचंच कौतुक.

तमारा आत आली. तिचे डोळे लाल होते.

"माझं ते वाक्य कापणार असाल तर आत्ताच सांगा," व्हर्ना म्हणाली.

"नाही कापणार. ती जागा मी आजवर कोणालाच कापू दिली नाही." तमारा पर्स ठेवलेल्या खुर्चीकडे बघत राहिली. "मिस्टर लेलँड गेले त्याच्या आदल्या वर्षी ह्याच खोलीत बसून बोलले होते. एकटेच. ती डिस्क निघालीच नाही, फीत तेवढी राहिली. मी तेव्हा नवीन होते. शेजारच्या खुर्चीवर त्यांनी आपली हॅट ठेवली होती. एक वाक्य बोलायचे, हॅटकडे बघत थांबायचे, हसायचे, मग पुढचं. शेवटच्या दृश्याला तर बोललेच नाहीत. मी म्हटलं, सर, ह्या रिकाम्या जागा काढून टाकू का?"

व्हर्नानं खुर्चीवरचं सँडविच हातात घेतलं.

"तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. म्हणाले, 'थांब. माझी बहीण बोलतेय.'"