कोंबड्यांची नवी गादी

“आज एकच,” असं म्हणत त्याने अंडं ओट्यावर ठेवलं. “पाच कोंबड्या आणि अंडं एक. फुकट पोसतोय मी यांना.”

“घालतील हो. जरा दम धरा,” बायको म्हणाली.

“महिनाअखेरपर्यंत धरतो. नाहीतर देऊन टाकतो सगळ्या.”

चाळीस वर्षं त्याने घड्याळं दुरुस्त केली होती. हल्ली मनगटाला घड्याळ बांधतो कोण, म्हणून दुकान बंद केलं, असं तो सगळ्यांना सांगायचा. त्यानंतरचे तीन महिने तो खुर्चीत बसून भिंतीकडे बघत होता. ते दिवस तिला पुन्हा बघायचे नव्हते. मग परसात खुराडं आलं आणि माणूस माणसात आला. कोंबड्यांची नावंही त्याने आपल्या धंद्यातलीच ठेवली. पहाटे कोकलते ती गजर, डुलत चालते ती लंबक, एका जागी ठरत नाही ती सेकंद. उरलेल्या दोघींतली एक अंगाने बारीक, म्हणून दोघी मिळून पावणेदोन. पाचही जणी तांबड्या, तपकिरी अंडी देणाऱ्या. आता त्या गेल्या तर पुन्हा ती खुर्ची आणि ती भिंत, हे तिला न सांगता कळत होतं.

“नीट बघितलंत ना? लंबक काय, सगळ्याच अंड्यांची पेटी सोडून पेंढ्यात कुठेही घालतात.”

“केसाएवढे स्क्रू बसवलेत मी. आणि तू मला बघायला शिकवतेस?”

तो संध्याकाळपर्यंत फुगून बसला. तिने पुन्हा तो विषय काढला नाही. कपड्यांची बादली उचलली आणि परसात गेली. दोन टॉवेल वाळत घालायला तिला अर्धा तास लागायचा. कुंपणापलीकडे शेजारीण असायची आणि बोलायला विषय लागतोच असं थोडंच आहे?

ही शेजारीण मोठी हौशी. दिवसाआड केक करायची आणि एक तुकडा इकडे पाठवायची.

“हिला एवढी अंडी मिळतात तरी कुठून?” केक खाता खाता तो करवादायचा.

“तिलाच विचारा,” बायको म्हणायची.

त्याच आठवड्यात तिला खोकला लागला. एरवी ठणठणीत, पण खुराड्याच्या दारात गेली की ठसका. डॉक्टरकडे जायला मात्र साफ नकार.

“पेंढ्याची धूळ हो ती. दुसरं काही नाही.”

तिचा खोकला ऐकून त्याचा जीव कासावीस होई. बोलून दाखवणं त्याच्या स्वभावात नव्हतं. दुसऱ्याच दिवशी त्याने सुताराकडून लाकडाचा भुसा आणला. चांगला तांबूस, वासाचा. तिने दारातून एकदा आत डोकावून पाहिलं आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर खोकली. भुसा गेला तसा परत.

मग तो कोंबड्यांचं खाद्य विकणाऱ्याकडे गेला.

“कोंबड्यांचं राहू द्या,” तो म्हणाला, “बायकोला सोसेल असं अंथरूण द्या.”

दुकानदार मिशीत हसला आणि त्याने एक पोतं पुढे ओढलं. हेम्पचं अंथरूण. झाड भांगेच्या घराण्यातलं, पण नशा औषधालाही नाही. खोडाचा आतला गाभा बारीक चिरलेला. धूळ जवळजवळ नाही, ओल शोषून घेतो, वासही मारत नाही.

“भांग?” बायकोने कपाळाला हात लावला. “कोंबड्या झिंगल्या म्हणजे?”

“झिंगू देत. निदान त्या तारेत तरी अंडी घालतील. पोत्यावर काय लिहिलंय ते वाच बघू. हल्ली अक्षरं छापतात की मुंग्या सोडतात, देव जाणे.”

तिने वाचून दाखवलं. त्याने जुना पेंढा उपसला, ती म्हणाली बागेला होईल, म्हणून कोपऱ्यात रचून ठेवला. मग दोघांनी मिळून चार बोटं जाडीचा थर पसरला. खुराडं सायीसारखं पांढुरकं दिसायला लागलं. तिने आत डोकं घातलं आणि छाती भरून श्वास घेतला. तो तिच्या तोंडाकडे बघत उभा होता.

“अगदी मोकळं वाटतंय,” ती म्हणाली.

ठसका आला नाही. त्यानंतरही नाही. तो एवढा खूष झाला की रात्रीची भांडी त्याने स्वतः घासली.

आणि सकाळी चार अंडी! दुसऱ्या दिवशी पाच!

“मानवली गं यांना!” तो टोपली नाचवत आत आला. “माणसाचंही तसंच. गादी बरी मिळाली की मन लागतं कामात.”

कोंबड्या देऊन टाकायचं पुन्हा नाव निघालं नाही. पोस्टमन आला, त्याला हेम्पचं महत्त्व सांगून झालं. गॅसवाला आला, तो तर तावडीतच सापडला. तो गॅसवाल्याला काय काय सांगतोय ते ती दाराआडून ऐकत होती, आणि तिला त्याचं फार कौतुक वाटलं. हा माणूस पुन्हा खुर्चीत बसणार नव्हता.

रविवारी दुपारी तो जेवून घोरायला लागला, तेव्हा ती कोपऱ्यातला जुना पेंढा घेऊन वाफ्यांवर पसरायला लागली. कुंपणापाशी शेजारीण आली. तिच्या हातात रिकामं भांडं होतं.

“काकू, आठवडा झाला, तुमच्या बादलीत नुसते टॉवेलच. माझी अंडी कुठे?”

तिने कवळभर पेंढा उचलून जोरात झटकला. धुळीचा लोट उठला, नाकातोंडात गेला, केसांवर बसला. ती साधी खाकरलीही नाही.

“आता नाही मिळायची गं,” ती हसत म्हणाली. “आता ह्यांना दिसतात.”