चौथा प्रश्न

"चौथा प्रश्न यायला नको," मागच्या बाकावरून पक्षाचा प्रतोद त्याच्या कानाशी कुजबुजला. "आता तिसरा सुरू होईल. प्रश्नोत्तराचा तास संपेपर्यंत तुम्ही झाडांवर बोलत राहा."

"झाडांवर किती बोलणार?"

"हे तुम्ही मला विचारता? घरचे तुम्हाला रेडिओ म्हणतात ना?"

म्हणत होते खरे. नाव थोरल्या बहिणीने ठेवलेले. त्याने तोंड उघडले की बंद करायचे बटन सापडत नाही म्हणून. त्याच तोंडाच्या जोरावर तो प्रांताच्या विधानसभेत निवडून आला होता. ती ताई आज वर प्रेक्षकांच्या सज्जात बसली होती आणि तिच्या शेजारी तिची लेक, सातवा महिना लागलेली.

दोघी आल्या होत्या त्या चौथ्या प्रश्नासाठी. त्यांच्या गावचे प्रसूतिगृह बंद का पडले आणि उघडणार कधी, असा तो प्रश्न. खरे तर तो त्यानेच विचारायचा. पण सत्ताधारी बाकावर बसून आपल्याच मंत्र्याला कोण अडचणीत आणतो? शेवटी शेजारच्या मतदारसंघातल्या विरोधी पक्षाच्या बाईंनी विचारला. गावातल्या बायकांना आता नदीपलीकडच्या शहरात जावे लागे. मागच्या महिन्यात एक जण वाटेत गाडीतच बाळंत झाली. मूल हाती लागले नाही.

आरोग्य खाते केंद्राने प्रांताकडे सोपवल्यापासून मंत्र्यांना वर बोट दाखवायची सोय उरली नव्हती. प्रश्न सभागृहात तोंडी आला की तारीख सांगावी लागणार, आणि तारीख कोणाकडेच नव्हती.

तिसरा प्रश्न पुकारला गेला. वनमंत्र्यांनी छापील उत्तर वाचले. तो उभा राहिला.

"अध्यक्ष महोदय, आमच्याकडे रस्त्याकडेच्या झाडांची अशी छाटणी झाली आहे, की झाडापेक्षा विजेचा खांब हिरवा दिसतो. फांदी कोणती आणि खोड कोणते, हे छाटणाऱ्याला आधी दाखवले जाते काय?"

"हे अंशतः खरे आहे," वनमंत्री म्हणाले आणि सभागृह खो खो हसले.

मग त्याने सावलीबद्दल विचारले. मुळांबद्दल विचारले. मंत्रीही काही कमी नव्हते, एकेका मुळाची चौकशी करत उत्तर देत होते. त्याने वर पाहिले. ताई तोंडावर हात धरून हसत होती आणि शेजारच्या बाईला कोपराने ढोसून त्याच्याकडे दाखवत होती. भाची हसत नव्हती. ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती.



"सन्माननीय सदस्यांचे समाधान झाले असेल," अध्यक्ष म्हणाले, "तर पुढचा प्रश्न घेऊ या."

समोरच्या बाकावर बाई चष्मा लावून अर्धवट उठल्याही होत्या. बस खाली, त्याने स्वतःला बजावले. आत्ता बसलास तर अजून वेळ आहे. त्याने खुर्चीचा हातही धरला. मागे प्रतोद नुसता खाकरला.

"समाधान झालेले नाही, अध्यक्ष महोदय," तो म्हणून गेला. आणि मग पाखरांच्या घरट्यांबद्दल बोलू लागला. लाज वाटत होती आणि जीभ चालत होती. लाजेची आणि जिभेची जणू ओळखच नव्हती.

घंटा झाली. "प्रश्नोत्तराचा तास संपला आहे. उरलेल्या प्रश्नांची उत्तरे सभागृहासमोर ठेवली आहेत असे समजावे." चौथ्याचे लेखी उत्तर त्याने सकाळीच वाचले होते. बाब शासनाच्या विचाराधीन आहे, एवढेच त्यात होते. प्रतोदाने त्याच्या खांद्यावर थोपटले.

बाहेरच्या लांबलचक बोळात ताई वाटच बघत होती.

"काय बोललास रे! मंत्र्याला सुचेना झालं. मी सगळ्यांना सांगितलं, माझा भाऊ आहे म्हणून."

"तुमचा प्रश्न राहिला, ताई."

"राहिला खरा. पण तू तरी काय करणार?"

"मामा, परत कधी येईल तो?" भाचीने विचारले.

"पुढच्या अधिवेशनात."

"म्हणजे?"

"चार महिने."

भाची भिंतीला टेकून कंबर दाबत उभी राहिली. ती चिडली असती तर बरे झाले असते, असे त्याला वाटले.

तेवढ्यात त्या विरोधी बाई कागद काखेत मारून बाहेर आल्या. त्याला बघून त्या दुसरीकडे वळणार, तोच ताईने पुढे होऊन त्यांचा हात धरला.

"मॅडम, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. वेळच पुरला नाही, त्याला तुमचा काय इलाज? आता असं करा, पुढच्या वेळी आधी माझ्या भावाला सांगून ठेवा. हा काय, घरचाच आहे. हा देईल तुम्हाला वेळ मिळवून."

बाईंनी त्याच्याकडे पाहिले. आता या सांगणार, त्याला वाटले. त्यांनी सांगून टाकावे असेही वाटले. त्यांची नजर त्याच्यावरून ताईवर गेली, ताईवरून भाचीच्या पोटावर गेली आणि तिथे जराशी थांबली.

"हो," त्या ताईला म्हणाल्या. "वेळ तुमच्या भावाकडेच मागायला हवा."