गाठीवरचा हात

त्या दिवशी पाहुण्याने गाठीला हात लावला नाही. कमरेचा पट्टा आवळला, बादली अडकवली आणि कठड्यावर पाय टाकून तो सरळ खाली उतरला. दोरवाला गच्चीवर बघतच राहिला.

उंच इमारतींच्या काचा बाहेरून पुसायच्या, हे त्यांचं काम. गच्चीवरच्या लोखंडी कड्याला दोर बांधायचा, गाठ मारायची आणि काम संपेपर्यंत तिथून हलायचं नाही, ही दोरवाल्याची जबाबदारी. त्या दोरावर लटकायचं, ही पाहुण्याची. पाहुणा हे काही त्याचं नाव नव्हे. तो लांबच्या देशातून आला होता, भाषा मोडकीतोडकी बोलायचा, म्हणून सगळ्यांनी त्याला तेच नाव चिकटवलं होतं.

आल्या दिवसापासून पाहुण्याची एक खोड होती. उतरण्याआधी तो कड्यापाशी यायचा, वाकायचा आणि दोरवाल्याने मारलेली गाठ दोन्ही हातांनी ओढून बघायचा. रोज, दोरवाल्याच्या डोळ्यांदेखत. दोरवाला ज्या माणसांत वाढला, त्यांच्यात दुसऱ्याच्या गाठीला हात लावणं म्हणजे त्याला चारचौघांत खोटारडा म्हणणं. तरी तो काही बोलायचा नाही. त्यांच्याकडे तशी रीतच असेल, अशी स्वतःची समजूत घालायचा. नाहीतरी त्या कामावर चार देशांची माणसं आणि विश्वासाच्या चार तऱ्हा. एकजण उतरण्याआधी जोडीदाराला मिठी मारायचा, दुसरा त्याच्याशी अवाक्षर बोलायचा नाही. सुपरवायझरचा तर माणसांवर विश्वासच नव्हता. त्याला गाठीचा फोटो लागायचा, आणि फोटो आला की तो गाठ विसरून जायचा.

पण समजूत फार वेळ टिकायची नाही. कारण दोरवाल्याच्याच दोरावरून पूर्वी एक माणूस पडला होता. तो त्याचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. दोर मधेच तुटला होता, गाठ जशीच्या तशी होती. चौकशीतही तसंच निघालं. पण लोकांच्या जिभेला हाड नसतं. तेव्हापासून ओळखीचा कुणी त्याच्या दोरावर उतरायला तयार होईना, म्हणून सुपरवायझरने हा परका जोडीदार दिला. देतानाच बजावलं, की हाही पळाला तर तू खाली बादल्या भरायला बस.

पाहुण्याच्या कानावर ते प्रकरण कुणी घातलं असेल का? चोराच्या मनात चांदणं म्हणतात. दोरवाला चोर नव्हता, तरी चांदणं पडायचंच.

घरी बायको मेहुण्याबद्दल एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती, भांडली असती तर परवडलं असतं. फक्त त्याने लावलेली दाराची कडी ती उठून पुन्हा बघायची. त्याने बंद केलेला गॅस पुन्हा बंद करायची. पाहुण्याची खोड त्याने तिला एकदा सांगून पाहिली होती. ती नुसतं ‘हं’ म्हणाली आणि भांडी घासत राहिली. आपण केलेलं एखादं काम कुणीतरी एकदा, अगदी एकदाच, न तपासता तसंच राहू द्यावं, एवढंच त्या माणसाला हवं होतं. बढती नको होती, पगारवाढ नको होती.

आणि आज ते घडलं होतं. दोरवाल्याला भरून आलं. त्याने कठड्यावरून वाकून पाहिलं. खाली पाहुणा काच पुसत होता. एरवी त्याची शीळ गच्चीपर्यंत यायची, आज तो मुकाट होता. पण आनंदाच्या भरात दोरवाल्याच्या ते ध्यानातही आलं नाही. त्याने खिशातून फोन काढला. कामावरून घरी फोन करायची त्याला सवय नव्हती, त्यामुळे बायको आधी घाबरलीच.

“काही नाही गं,” तो म्हणाला. “आज त्याने गाठ बघितली नाही. तसाच उतरला.”

पलीकडे तिने नाक ओढलं.

“बरं झालं,” ती म्हणाली. “आज लवकर या घरी.”

मेहुणा गेल्यापासून ती असं म्हणाली नव्हती. दोरवाल्याने बाहीने तोंड पुसलं आणि दोरावर हात ठेवून उभा राहिला. आपण उगाच या पोरावर मनातल्या मनात चरफडत होतो, असंही त्याला वाटून गेलं.

दुपारी पाहुणा वर आला. दोघं पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसले. दोरवाल्याने आपला डबा पुढे सरकवला. पाहुण्याने मानेनेच नको म्हटलं. दोरवाल्याने पुन्हा आग्रह केला, पुन्हा नको. शेवटी त्याला राहवेना.

“आज गाठ बघितली नाहीस,” तो म्हणाला. “बसला ना एकदाचा विश्वास?”

प्रश्न कळायला पाहुण्याला वेळ लागला. मग त्याने एकेक शब्द जुळवून उत्तर दिलं.

“तुमचं काही नव्हतं, काका. आई रोज फोनवर विचारायची, गाठ स्वतः बघितलीस ना? तिच्याशी खोटं बोलवत नव्हतं, म्हणून बघायचो. काल ती गेली. आता बघितली काय, न बघितली काय.”