बिनविरोध

मतदान सुरू व्हायला जेमतेम दहा मिनिटं उरली होती, आणि नरेंद्रने बायकोला पुन्हा एकदा हॉलबाहेरच्या जिन्यापाशी ओढून आणलं.

“अजून वेळ गेलेली नाही, वीणा. आत जा, अर्ज मागे घेते म्हण, नंदकिशोरना हार घाल. सगळे टाळ्या वाजवतील. विषय संपेल.”

टोकियोतल्या हिगाशी-कसाई वस्तीच्या मराठी मंडळाला अध्यक्ष निवडायचा होता. तीन इमारतींत विखुरलेली मराठी घरं, म्हणून तीन रविवार मतदान आणि तिथल्या तिथे मोजणी. मागच्या दोन्ही रविवारी वीणा चांगलीच आपटली होती. आज तिची स्वतःची इमारत होती खरी, पण नंदकिशोरही इथलेच, आणि इथे चमत्कार झाला तरी ती निवडून येण्याची लक्षणं नव्हती. शिवाय मंडळाला बिनविरोधचं भारी वेड. टोकियोत येऊन ही माणसं साधी सर्दी झाली तरी मास्क लावायला शिकली, पण निवडणूक म्हटली की समोरच्याला समजावून खाली बसवायची गावाकडची हौस काही सुटली नव्हती. आत श्रीखंडाची पातेलीसुद्धा येऊन पडली होती.

“का मागे घेऊ?”

“हरणार आहेस म्हणून!”

खरं कारण त्याच्या कपाळावर घाम होऊन आलं होतं. आताचे अध्यक्ष नंदकिशोर हेच त्याचे प्रोजेक्ट मॅनेजर. कॉन्ट्रॅक्ट वाढवायचं की नाही ते याच महिन्यात ठरणार होतं, आणि व्हिसा त्या कॉन्ट्रॅक्टवर. शुक्रवारी कॉफीच्या मशीनपाशी नंदकिशोर हसत हसत म्हणाले होते, “काय नरेंद्र-सान, घरात तुमचं काही चालतं की नाही?” तेव्हापासून बिचाऱ्याच्या घशाखाली घास उतरत नव्हता. वीणाला त्याची दया येत होती आणि रागही. तिने उगाचच आपला घडीचा फोन उघडला आणि मिटला.

“आपल्या इमारतीतल्या सुलेखाचं बाळ भरदुपारी तापाने फणफणलं, तेव्हा तिने आधी अध्यक्षांनाच फोन लावला होता. ते मीटिंगमध्ये. तुम्ही पुरुष सगळेच असता. अँब्युलन्सवाल्यांशी जपानीत बोलायला मी धावले, बेंतोच्या दुकानात डबे भरायचं तासांवरचं काम अर्धं टाकून. दुपारी फोन उचलणारं कुणीतरी नको का मंडळात?”

“ते तू अध्यक्ष न होताही करतेसच ना.”

“करते. पण मी खाली बसले, की आज इथे कुणाला काही विचारलंच जाणार नाही. हार, टाळ्या, श्रीखंड.”

“आणि माझं कॉन्ट्रॅक्ट गेलं तर?” तो अगदी हळू म्हणाला.

वीणाने फोन पर्समध्ये टाकला. दोघं आत आले.

टेबलामागे उल्हासकाका बसले होते. सुलेखाचे सासरे, तीन महिन्यांसाठी पुण्याहून आलेले. जन्म सहकारी बँकेत गेलेला, इथे कुणाची नोकरी नाही की कुणाचं मिंधेपण नाही, म्हणून मंडळाने त्यांनाच निवडणूक अधिकारी केलं होतं. आणि काका ते काम अगदी मनापासून करत होते.

“वीणाताई, शेवटचं विचारतो. मागे घेताय?”

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. नंदकिशोर हाराच्या ताटाशेजारी प्रसन्न चेहऱ्याने उभे होते.

“नाही,” वीणा म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्याहून बारीक निघाला.

नरेंद्रने डोळे मिटून घेतले.

काकांनी नियम वाचून दाखवला. एका घराला एक मत. आजवर ते घरातल्या पुरुषानेच द्यायचं, असं कुणी ठरवलं नव्हतं, पण दोन्ही रविवारी तेच झालं होतं. पुरुष रांगेत, बायका मुलांना सांभाळत भिंतीशी. पहिलंच नाव नरेंद्रचं पुकारलं गेलं. आडोसा वगैरे काही नव्हता. टेबलावर चिठ्ठी, पेन, आणि हातभर अंतरावर नंदकिशोर.

नरेंद्रने पेन उचललं. बायकोचं नाव लिहिलं तर साहेब बघत होते, साहेबांचं लिहिलं तर बायको. पेनचं टोक कागदावर टेकलं आणि तिथेच थांबलं. रांग चुळबुळ करायला लागली. अखेर तो मागे वळला आणि ती कोरी चिठ्ठी त्याने वीणासमोर धरली.

“मला नाही जमत,” तो म्हणाला. “तूच लिही.”

कुणीतरी फिस्सकन हसलं. काकांनी चष्मा वर करून नियमांचा कागद पुन्हा पाहिला.

“एका घराला एक मत, एवढंच आहे. लिहायचं कुणी, त्याबद्दल काही म्हटलेलं नाही. चालेल.”

वीणाने स्वतःचं नाव लिहिलं. घाईत अक्षर वेडंवाकडं आलं. चिठ्ठी डब्यात टाकताना तिला नरेंद्रकडे बघवेना.

“चला, नरेंद्र सुटला!” नंदकिशोर मोठ्याने हसले आणि त्यांनी स्वतःची चिठ्ठी उचलली.

श्रीखंडाच्या पातेल्यापाशी त्यांची बायको स्नेहलता डाव घेऊन बसली होती. तिने डाव खाली ठेवला, हात पुसले आणि रांगेतून वाट काढत ती पुढे आली.

“अहो, आणा इकडे,” ती म्हणाली. “आपल्या घराचं मी लिहिते.”